घोड ते भीमा : एकाच कुळातली झाडं

बुधवार, शिरूर

रांजणगावच्या देवळाबाहेर फुलवाल्यांच्या पाट्यांत दूर्वांच्या जुड्यांशेजारी शमीचा पाला आणि पांढऱ्या मंदाराची फुलं होती. गणेशपुराणात शमी आणि मंदार हे नवरा-बायको. भ्रुशुंडी ऋषींच्या तोंडाला सोंड पाहून ते हसले आणि शापानं झाडं होऊन बसले. पुढे गणपतीनं त्यांच्यापाशी राहायचं कबूल केलं. शापितांच्या घरी देव वस्तीला येतो, ही कल्पना कुणाला सुचली असेल, त्याला माझा नमस्कार.

पण या फेरीत मला शोधायची होती ती वेगळी मंडळी. वड, पिंपळ, उंबर, नांदरुक आणि अंजीर ही पाच झाडं वनस्पतीशास्त्रात एकाच कुळातली आहेत, अगदी सख्खी भावंडं. जगातल्या निम्म्याअधिक माणसांच्या धर्मकथांत यांच्यापैकी कुणी ना कुणी उभं आहे. शिरूर-दौंडच्या कोरड्या मुलखात ती एकमेकांपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर भेटतात.

पहिला भेटला पिंपळ. जुन्या दगडी पाराचा, पाराला लागून मारुती. वारा अगदी पडलेला होता, तरी वरची पानं सळसळत होती. पिंपळाचं देठ लांब आणि सडपातळ असतं, त्यामुळे जराशा झुळकीनंही पान हलतं. रात्री सगळी झाडं गप्प असताना हे एकटं बोलत राहतं. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, असा पोर मुंजा होऊन पिंपळावर राहतो, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगाच नव्हे. पारावर बसलेल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, तिन्हीसांजेला इथं थांबू नका हो." म्हणाल्या आणि स्वतः मात्र हलल्या नाहीत.

संध्याकाळी शिरूरबाहेरच्या एका वस्तीवर गेले. विहाराच्या अंगणात पिंपळच होता, वीस-पंचवीस वर्षांचा असावा. त्याच्याभोवती निळे-पंचरंगी झेंडे होते आणि खाली स्वच्छ झाडलेली जागा. इथं मुंज्याचं नाव नाही. इथं हा बोधिवृक्ष, बुद्धाला ज्याच्याखाली ज्ञान झालं तो. त्याच वृक्षाची फांदी संघमित्रेनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात श्रीलंकेत नेली. अनुराधपूरला तो वंश अजून उभा आहे. याच तालुक्यात कोरेगाव भीमा. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर त्याच्याजवळच्या स्तंभापाशी आले, आणि 1956 च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या विहारांत हे रोप लागत गेलं. ज्या झाडाच्या पारावर काहींच्या आजोबा-पणजोबांना बसू दिलं जात नव्हतं, तेच झाड नातवंडांनी आपल्या अंगणात आपल्या हातानं लावलं. या फेरीत पाहिलेल्या सगळ्यांत मला ही गोष्ट मोठी वाटते.

गुरुवार, इनामगाव

घोडनदीकाठचं हे पांढरीचं टेकाड डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं इथं जोडलेली. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथं शेतकरी राहत, बार्ली पिकवत, पाटाचं पाणी आणत. एका घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत शिर नसलेली देवी आणि तिच्याजवळ बैल सापडला. झाडाची पूजा मात्र मातीत राहत नाही; कुंकू, दोरा, पाणी सगळं पावसाळ्याबरोबर जातं. तिच्या खुणा बघायच्या तर मोहेंजोदडोच्या मुद्रेकडे जावं लागतं. तिथं पिंपळाच्या कमानीत एक देवता उभी आहे आणि समोर कुणी गुडघे टेकलेत. दुपारचं ऊन फार होतं, जास्त थांबले नाही.

शुक्रवार, वटपौर्णिमा, दौंड

सकाळी बाजारात वडाच्या डहाळ्यांचे भारे उतरले होते. बायका एकेक डहाळी घेऊन घरी कुंडीत खोचतात आणि तिलाच सूत गुंडाळतात. नोकरी असते, लांब जायला सवड नसते, हे मी जाणते. तरीही भारे बघून पोटात कालवलं. महाभारतात सत्यवानाला मृत्यू गाठतो तो लाकडं तोडताना. कुऱ्हाड चालवता चालवता त्याचं डोकं दुखायला लागतं आणि तो सावित्रीच्या मांडीवर डोकं टेकतो. त्या कथेच्या दिवशी आपण कुऱ्हाड घेऊन वडाकडे जातो.

भीमेच्या बाजूला एक पुरता वाढलेला वड आहे. तिथं गर्दी होती: नव्या नवऱ्या, सासवा, रेल्वेतल्या नोकरीवरून थेट आलेल्या दोघीतिघी. आंबे, फणसाचे गरे, जांभळं, ओटी. पारंब्या धरून मुलं झोके घेत होती. वडाची पारंबी जमिनीला टेकली की तिचं खोड होतं. मूळ खोड पोकळ झालं तरी झाड चालू राहतं. सात जन्मांचं मागणं या झाडाकडेच का, ते इथं उभं राहिलं की कळतं. कुंडीतल्या डहाळीला पारंबी नसते.

एका आजींना विचारलं, तुमच्या लग्नात देवक काय होतं? "पंचपल्लव," त्या म्हणाल्या. "आमच्यात त्यातलं एकबी झाड तोडत नाहीत. सरपणालाबी नाही." कुणाचं देवक वड, कुणाचं पिंपळ, उंबर, कळंब, शमी; कुळाचं झाड म्हणजे कुळातलंच माणूस. कुणीही कायदा करण्याच्या कितीतरी आधी देवक या एका शब्दानं झाडं राखली.

शनिवार, केडगाव

या गावासाठीच मी ही वाट धरली होती. केडगावच्या बेटावर नारायण महाराजांचं दत्तमंदिर, आणि याच केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन.

दत्त तिथं औदुंबर. गुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात त्याचं कारण येतं. हिरण्यकश्यपूचं पोट फाडताना नरसिंहाच्या नखांत विष भिनलं, आग थांबेना. लक्ष्मीनं उंबराची फळं आणली, त्यांत नखं रोवली आणि दाह शमला. उंबराखाली उभं राहिलं की गारवा जाणवतो. तो पाण्याजवळचा वृक्ष आहे. विहिरीची जागा बघताना जुने लोक आधी उंबर बघायचे. वराहमिहिरानं बृहत्संहितेत झाडांवरून भूजल ओळखायचं आख्खं प्रकरण लिहिलं आहे, आणि उंबर त्यात आहे. आग शमवायची कथा उंबरालाच चिकटली, ती या ओलीमुळे, असं मला वाटतं.

खाली पडलेली फळं फोडून पाहिली. उंबराचं फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असतं, शेकड्यांनी. तिथवर पोचते ती एक बारीक माशी. वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी, प्रत्येकाची आपापली. ती गेली तर झाडाला बी धरणार नाही, आणि झाड गेलं तर तिला अंडी घालायला जागा नाही. या कुळातली झाडं वर्षभर पाळीपाळीनं फळतात, म्हणून उन्हाळ्यात सगळं रान रिकामं असतानाही हरियाल, तांबट, कोकीळ आणि वटवाघळांना इथं पोटभर मिळतं. गुरूचं झाड म्हणून आपण त्याला हात जोडतो. पाखरांचा तो अन्नदाता आहे.

दुपारी मिशनच्या बाजूला गेले. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत देशभर हिंडले; मुलगीही भागवत मुखोद्गत करून तेच करू लागली. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला, मुळं वर आणि फांद्या खाली असलेला अश्वत्थ तिला ठाऊक होताच. (पाखराच्या विष्ठेतून पिंपळ भिंतीवर किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात उगवतो आणि मुळं खाली सोडत येतो, ते पाहिलेल्या माणसाला उलटं झाड सुचणं अवघड नाही.) पुढं त्या ख्रिस्ती झाल्या, दुष्काळातल्या अनाथ मुलींना त्यांनी इथं आणलं, आणि आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. मुक्तीतल्या मुलीच छापखाना चालवत. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.

त्या ग्रंथात अंजीर पहिल्याच पुस्तकात येतं: आदाम आणि हव्वा लाजून अंजिराची पानं शिवून नेसतात. मीखा संदेष्टा शांततेचं चित्र काढतो, तेव्हा प्रत्येक माणूस आपल्या द्राक्षवेलीखाली, आपल्या अंजिराखाली निर्भय बसलेला असतो. येशू नथनेलला पहिल्यांदा पाहतो तोही अंजिराखाली. कुराणातल्या पंचाण्णवाव्या सुऱ्याला तर नावच अंजिराचं आहे. एका गावात औदुंबराखाली दत्त उभे आहेत आणि तिथंच एक बाई रात्री जागून त्याच्या भावंडाची गोष्ट मराठीत लिहीत होती. पुरंदरचं ताजं अंजीर या बाजूच्या घराघरांत जातं. ते चिरून पाहा, आतून उंबरच.

रविवार, वरवंड

तुकोबांची पालखी यवतनंतर इथं मुक्कामाला येते. अजून दहा-बारा दिवस आहेत, पण गावात आत्ताच तंबूंच्या जागा, पाणी, भाकरी यांची बोलणी चालू आहेत. तुकोबा देहूला जिथून वैकुंठाला गेले, तिथं नांदरुक आहे. तुकाराम बीजेच्या दिवशी दुपारी बाराला तो हलतो, अशी श्रद्धा. तो क्षण पाहायला लोक श्वास रोखून उभे राहतात. कुळातलं पाचवं भावंड हे.

सोलापूर रस्ता रुंद होत गेला तसे कडेचे कित्येक जुने वड गेले. एक बाबा म्हणाले, पूर्वी वारकरी वडापासून वडापर्यंत चालायचे, आता टँकरपासून टँकरपर्यंत चालतात. मी दौंडच्या भाऱ्यांची गोष्ट काढली, तर ते उठूनच बसले.

"बारक्या डहाळीचं काय होणार, ताई? ती वाळणारच. मनगटाहून जाड फांदी घ्यायची, पुरुषभर उंच. आधीच तुटलेली, वाऱ्यानं पडलेली असंल तर लई चांगलं. वरच्या कापाला शेण थापायचं म्हंजी सुकत नाही. मिरगाचा पाऊस जिरला की दोन हात खोल रोवायची, भोवती काटं लावायचं. शेरडं सोडत नाहीत नाहीतर."

"आणि लागतं?"

"दहांतले सहा लागतात. पुढल्या मंगळवारी आम्ही शाळेमागं रोवणार हाये. पोरं येत्यात सगळी. तुमीबी या, एखादी कुदळ धरायला."

मंगळवारी मी पाटसला आहे. सकाळच्या एस.टी.नं परत वरवंडला येईन, असं त्यांना सांगितलं आहे.