ट्राउटच्या गळाला गोबी

मिशिगन सरोवराच्या धक्क्यावरून गांडुळाची गरी तळाशी सोडली, की ट्राउटच्या आधी गोबी हजर. रॉडच्या टोकाला बारीक टिकटिक जाणवते. रीळ गुंडाळावं तर दोरीला वजन म्हणून नाही, आणि पाण्याबाहेर येतो तो बोटभर मासा. डोकं अंगाच्या मानाने मोठं, डोळे बेडकासारखे वर आलेले. तो काढा, नवं गांडूळ लावा, पुन्हा टिकटिक. मिलवॉकीत गरवायला जाणाऱ्या बहुतेकांची संध्याकाळ थोड्याफार फरकाने अशीच जाते.

मी मूळची पेण तालुक्यातली, खाडीकाठची. वडील गरी टाकत, पागही टाकत. नोकरीपायी विस्कॉन्सिनमध्ये आले तेव्हा घराजवळ पलीकडचा काठ दिसत नाही एवढं पाणी होतं, आणि मासा मात्र दुकानातून गोठवलेला आणायचा, हे मला काही केल्या पटेना. मग परवाना काढला. मासेमारीच्या परवान्याशिवाय या सरोवरातल्या ट्राउट-सामनसाठी वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो. त्याचे पैसे मत्स्यबीज वाढवून सरोवरात सोडण्यासाठी वापरतात. म्हणजे जो मासा धरायचा त्याच्या बालपणाचा खर्च आपणच आधी भरायचा. व्यवहार म्हणून मला हे आवडलं.

मॅकिन्ले मरिनाजवळच्या धक्क्याला इथले लोक ‘गव्हर्नमेंट पिअर’ म्हणतात. आमच्याकडे भरती-ओहोटीची वेळ पाहून घराबाहेर पडायचं. सरोवराला म्हणण्यासारखी भरती नाही, त्यामुळे इथे सगळा हिशोब वाऱ्याचा. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस लागून राहिला, की काठाजवळचं वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि खोलातलं गार पाणी धक्क्यापाशी वर येतं. गार पाण्यामागे ट्राउट येतो. वारा पूर्वेकडून फिरला की पाणी पुन्हा कोमट, वर लाटा, आणि मग घरी बसून चहा प्यावा हे उत्तम. वसंत ऋतूत मात्र उलट. सरोवर अजून बर्फासारखं असतं, काठाचं पाणी त्यातल्या त्यात बरं, म्हणून ब्राउन ट्राउट अगदी पायाशी फिरत असतो. बोटं बधिर होऊन गाठ मारता येत नाही, तरी धक्का माणसांनी भरलेला.

गोबीला चुकवायची युक्ती मला एका आजोबांनी दाखवली. ते ओडेसाकडचे, इथे येऊन बरीच वर्षं झालेली. माझी गांडुळं फुकट जाताना त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग खिशातून सुईची छोटी प्लास्टिक बाटली काढली आणि गांडुळात सुई टोचून हवा भरली. शिसं तळाला बसलं, पण फुगलेलं गांडूळ तळापासून वीतभर वर तरंगत राहिलं. गोबीला पोटात हवेची पिशवी नसते, त्याला पाण्यात अधांतरी राहणं जमत नाही. तो तळाचा मासा. आमिष थोडं वर उचललं की त्याचा त्रास निम्म्याहून कमी होतो.

हेच आजोबा आपल्या गळाला लागलेले गोबी मात्र टाकून देत नसत. लाकडी मुठीने डोक्यावर एक टोला, आणि मेलेला मासा बर्फाच्या डब्यात. “आमच्याकडे हे टोमॅटोच्या रश्शात डबाबंद मिळतात,” ते म्हणाले. काळा समुद्र, अझोव समुद्र आणि कॅस्पियन हे गोबीचं माहेर. अझोवकाठच्या बेर्दियान्स्कमध्ये तर गोबीचं स्मारक आहे, उपासमारीच्या दिवसांत त्याने लोकांना जगवलं म्हणून. मी त्यांना आमच्या निवट्यांबद्दल सांगितलं. खाजणातल्या चिखलात उड्या मारणारी निवटी याच गोतावळ्यातली, आणि तिच्या कालवणासाठी आमच्याकडची माणसं काय वाटेल ते करतील. आजोबांनी कालवणाची कृती विचारून घेतली. चिंचेशी त्यांचं अडलं.

तर जो मासा तिकडे पोशिंदा, तो इकडे उपद्रवी कसा? काळ्या समुद्राकडून येणारी मालवाहू जहाजं रिकामी असली की तोल राहावा म्हणून पोटात बंदराचं पाणी भरून घेतात आणि माल चढवताना ते दुसऱ्या बंदरात ओततात. 1959 मध्ये सेंट लॉरेन्सचा जलमार्ग मोठ्या जहाजांना खुला झाला आणि समुद्रावरची जहाजं थेट या गोड्या पाण्यात येऊ लागली. 1990 मध्ये सेंट क्लेअर नदीत पहिला गोबी सापडला, आणि दहा वर्षांच्या आत तो पाचही महासरोवरांत पसरला. एका हंगामात मादी अनेकदा अंडी घालते, नर ती राखत बसतो. स्वतःच्या अंड्यांची एवढी काळजी घेणारा हा मासा दुसऱ्यांची अंडी मात्र खाऊन टाकतो. लेक ट्राउटची, स्मॉलमाउथ बासची. खडकांच्या सांदीत राहणाऱ्या इथल्या मूळच्या स्कल्पिनला त्याने घराबाहेर काढलं. दुसरीकडे, काळ्या समुद्राकडूनच आलेले झेब्रा आणि क्वागा शिंपले तो फोडून खातो. शिंपल्यांतलं विष त्याच्यामार्फत वर चढतं आणि त्याला खाणारे लून पक्षी बोट्युलिझमने मरतात, असं इथल्या अभ्यासकांचं म्हणणं आहे.

धक्क्यावर नियम सोपा आहे: गोबी लागला तर परत पाण्यात सोडायचा नाही, जिवंत ठेवायचाही नाही. ऐकायला सोपा. पण आमच्याकडे लहान मासा परत सोडायचा, हे मुलांना बोलता येण्याआधी कळतं. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. त्याने विचारलं, “आई, हा तर लहान आहे, मग का मारायचा?” मी त्याला मासा उलटा करून दाखवला. गोबीचे पोटाखालचे दोन पर जुळून एकच वाटोळी चकती झालेली असते. तिने तो दगडाला चिकटून राहतो. ओल्या तळहातावर ठेवला तर ती चकती कातडीला धरते, हे जाणवतं. पाठीवरच्या पुढच्या परावर काळा ठिपका. स्कल्पिनचे पोटाखालचे पर वेगवेगळे असतात. ते वेगळे दिसले तर मासा इथलाच, तो सोडायचा. मुलगा आता प्रत्येक मासा आधी उलटा करतो. काहीजण गोबी नुसते काँक्रीटवर फेकतात आणि ते तडफडत असताना सीगल उचलून नेतात. हे मला अजिबात आवडत नाही. मारायचंच तर एका टोल्यात मारावं. मासा उपद्रवी आहे म्हणून त्याचे हाल करायचा परवाना आपल्याला कोणी दिलेला नाही.

ब्राउन ट्राउट लागतो तेव्हा मात्र संशयाला जागा राहत नाही. रॉड वाकतो, रीळ करकरतं, दोरी बाजूला धावते. माझा पहिला ब्राउन एप्रिलमध्ये, त्याच फुगवलेल्या गांडुळाला लागला. सोनेरी-तपकिरी अंग, त्यावर काळे ठिपके. शेजारच्यांनी लांब दांड्याची जाळी आणली, एरवी तो धक्क्यावर चढवणं माझ्याच्याने झालं नसतं. घरी नळाखाली त्याचं पोट फाडलं. जठर टणक लागत होतं. चिरलं, तर आत गोबी. एकावर एक रचलेले, वरचे जवळपास अख्खे, काळ्या ठिपक्यासकट ओळखू येणारे, खालचे नुसता काळपट लगदा. ज्या माशाला आम्ही धक्क्यावर शिव्या देत होतो, त्याच्यावरच आमचा ट्राउट पोसला होता.

आणि ब्राउन ट्राउट तरी इथला कुठे? तो जर्मनीहून 1883 मध्ये अंड्यांच्या रूपात आला आणि 1884 मध्ये मिशिगनच्या नदीत सोडला गेला. स्टीलहेड प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरचा. सामनही तिकडचाच, आणि त्याची गोष्ट वेगळीच आहे. मूळचा राजा लेक ट्राउट. त्याला समुद्री लँप्रेने शोषून संपवलं. हा रक्तपिपासू मासा 1936 मध्ये मिशिगन सरोवरात दिसला, आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत लेक ट्राउट इथून तेव्हापुरता नाहीसा झाला. खाणारा उरला नाही म्हणून समुद्राकडूनच आलेला अलवाइफ मासा बेसुमार वाढला. 1967 मध्ये तो एवढा मेला की किनाऱ्यांवर खच पडला, दुर्गंधीने माणसं पळाली. त्याला खायला म्हणून 1966 पासून कोहो सामन सोडायला सुरुवात झाली होती. एका पाहुण्याला आवरायला दुसरा पाहुणा.

इथे कोणी ना कोणी लगेच माणसांच्या स्थलांतराची उपमा काढतं. धक्क्यावर माझ्याकडे बघून तर हमखास काढतं. मला ती पटत नाही. मासा ठरवून येत नाही, त्याला आपण आणतो, कधी हौसेने, कधी जहाजाच्या पोटातून. ट्राउट आपल्याला हवा होता म्हणून तो लाडका, गोबी न विचारता आला म्हणून तो दोषी, हे मी मान्य करते आणि तरीही गोबी मारते. कारण अंडी खाल्ली जातात ती खरोखरच खाल्ली जातात, आपण कोणाला काय म्हणतो याने त्यात फरक पडत नाही.

त्या ट्राउटचं कातडं काढलं, चरबी कापून टाकली, कारण सरोवरातलं पीसीबी हे विषारी रसायन चरबीत साठतं आणि ट्राउट बेतानेच खावा असा सरकारी सल्ला आहे. मग चिंच, हळद, आगरी मसाला लावून तांदळाच्या पिठात तळला. चव? आमच्याकडच्या जिताड्याची सर नाही.

महाराष्ट्रात गेले की आता मी उजनी धरणातल्या जाळ्यांकडे वेगळ्या नजरेने बघते. चिलापी ही मासळी मूळची आफ्रिकेतली, 1952 मध्ये भारतात आणलेली, आज उजनीत ओळखीची. तिला परत पाठवणं शक्य नाही. पण शोभेच्या टाकीतला, काच साफ ठेवतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा मोठा झाला आणि टाकीत मावेना, तर त्याला नदीत, तळ्यात किंवा धरणात सोडू नका. जिथून आणला त्या दुकानदाराला परत द्या, नाहीतर टाकी असलेल्या दुसऱ्या कोणाला. आणि महासरोवरांच्या काठी राहून गरवायला जाणाऱ्या मराठी मंडळींनो, गोबी जिवंत बादलीतून नेऊ नका, गळाला आमिष म्हणून लावू नका. बोटीच्या तळाचं पाणी घरी निघण्याआधी तिथेच काढून टाका.