बिल्हणाच्या गांवचा मेलेला समुद्र

काश्मीरला गेलेला मनुष्य दल सरोवर व गुलमर्ग पाहतो, सवड झालीच तर मार्तंडाचें भग्न मंदिर पाहतो, आणि परत येतो. आम्ही गेल्या कार्तिकांत गेलों तें मुख्यतः खोनमुह गांवासाठीं. श्रीनगरच्या आग्नेयेस, पांपोरच्या केशरमळ्यांपलीकडे, डोंगराच्या पायथ्याशीं हें गांव आहे. विक्रमांकदेवचरिताचा कर्ता बिल्हण येथला. कल्याणच्या चालुक्य विक्रमादित्याच्या पदरीं, म्हणजे आपल्याच दक्षिणेंत, वास करूनही ह्या कवीला जन्मग्रामाचा विसर पडला नाहीं. काव्याच्या अठराव्या सर्गांत तो सांगतो कीं, खोनमुखाच्या एका बाजूस केशर पिकतें आणि दुसऱ्या बाजूस द्राक्षें. डॉ. ब्यूलर यांना १८७४ सालीं जेसलमेरास ह्या काव्याची पोथी सांपडली. खोनमुख म्हणजेच आजचें खोनमुह हेंही त्यांनींच दाखविलें. तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविल्यावर तें गांव एकदां डोळ्यांनीं पाहावें, एवढीच माझी इच्छा होती.

बरोबर माझा पुतण्या होता. तो भूगर्भशास्त्र शिकवितो. केशराच्या जांभळ्या फुलांपुढें मी थबकलों तेव्हां तो म्हणाला, "काका, तुमचा कवि नऊशें वर्षांपूर्वींचा. गांवामागच्या घळींत पंचवीस कोटि वर्षांपूर्वींचा मजकूर आहे, तोही वाचून घ्या."

ती गुर्युलची घळ. प्रथमदर्शनीं तींत पाहण्यासारखें कांहीं नाहीं. उजाड उतार आणि हिमालयाच्या उठावानें तिरपे झालेले दगडांचे थर. हे सर्व थर टेथिस नांवाच्या लुप्त समुद्राच्या तळाशीं सांचलेले आहेत. खालच्या थरांस जवळच्या झेवन गांवाचें नांव मिळालें आहे. त्यांतील चुनखडींत शिंपलेवजा प्राण्यांचीं कवचें इतकीं दाट आहेत कीं, एका समृद्ध वस्तीचे तें जणू खानेसुमारीचें पुस्तक. त्यांवर खोनमुहच्या नांवाचे थर लागतात. येथें दगड काळा पडतो, पापुद्र्यासारखा सुटतो, आणि तीं जुनीं कवचें दिसेनाशीं होतात. क्लाराया नांवाचा पातळ शिंपला तेवढा विपुल सांपडतो. ह्या काळ्या थरांच्या बुडापासून थोडी वर पर्मियन आणि ट्रायासिक ह्या दोन युगांची सीमा आहे. पुतण्यानें माझें बोट धरून तेथें टेकविलें. हा छेद मिडलमिस यांनीं १९१० सालीं वर्णिला. युगसीमेचें जागतिक प्रमाण म्हणून निवडावयाच्या स्थळांत त्याचेंही नांव होतें. २००१ सालीं तो मान चीनमधील मेशानला मिळाला.

त्या सीमेवर, २५ कोटि २० लक्ष वर्षांपूर्वीं, समुद्रांतील जातींपैकीं शेंकडा ८० हून अधिक नष्ट झाल्या. मेशानच्या थरांवरून हा संहार सुमारें ६०,००० वर्षांत आटोपला असें गणित निघतें. भूगर्भाच्या पंचांगांत हें एक पळही नव्हे.

कारण सैबेरियांत घडलें. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाप्रमाणेंच, परंतु अठरा कोटि वर्षें आधीं, तेथें लाव्ह्याचे पूर लोटले. वाटेंतले कोळशाचे व चुनखडीचे थर भाजून निघाले, आणि कार्बन डायऑक्साइड वायु अपरिमित प्रमाणांत बाहेर पडला. उष्ण कटिबंधांतील समुद्र आठ ते दहा अंशांनीं तापला. कोमट पाण्यांत प्राणवायु कमी मुरतो. शिवाय वरचें व खालचें पाणी नीट ढवळलें जाईना. तळाशीं कुजणाऱ्या द्रव्यानें उरलासुरला प्राणवायु खाऊन टाकला, आणि कांहीं ठिकाणीं कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायु सांचला. (आमच्या घरीं अंडें आलेलें नाहीं, पण शाळेच्या प्रयोगशाळेनें तो वास माझ्या नाकास चांगला परिचित करून दिला आहे.) प्राणवायूवांचून आटलेल्या अशा पाण्यांत लोह आणि गंधक यांच्या संयोगाचे अतिसूक्ष्म गोळे बनतात. ह्याच घळीच्या दगडांत सूक्ष्मदर्शकाखालीं ते दिसले आहेत.

दुसरा घाव आम्लतेचा. तो समजण्यास मला सैबेरियाची गरज पडली नाहीं. चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकलें कीं ती दुधाळ होते, हा प्रयोग मीं प्रत्येक वर्गास दाखविला. श्वासांतील कार्बन डायऑक्साइडनें चुनखडी बनते, इतकें सांगून मी पेला खालीं ठेवीत असें. पुतण्या म्हणाला, "अर्धाच प्रयोग दाखविलात, काका. फुंकीत राहिलांत तर तेंच पाणी पुन्हां निवळतें." वायु अधिक झाला कीं पाण्यांत आम्ल होतें, आणि तें बनलेली चुनखडीच विरघळवितें. समुद्रांतही तेंच झालें. कवच विणण्यास लागणारें द्रव्य पाण्यांत दुर्मिळ झालें. चुन्याचा जाड सांगाडा बाळगणारे प्राणी सर्वांत अधिक मेले. त्या काळचीं प्रवाळें तर समूळ गेलीं. नव्या कुळाचीं प्रवाळें दिसूं लागण्यास कित्येक दशलक्ष वर्षें जावीं लागलीं. समुद्र मर्यादा सोडीत नाहीं, हा दृष्टांत मीं किती मुलांकडून पाठ करून घेतला असेल! येथें तर त्यानें किनारा ओलांडलाही नव्हता. घरांतल्या घरांत तो नासला होता.

घळीच्या परिसरांत खाणींचे घाव स्पष्ट दिसतात. खोनमुह आणि ख्रू येथें सिमेंटचे कारखाने आहेत. शंभर भार चुनखडी भाजली म्हणजे चव्वेचाळीस भार कार्बन डायऑक्साइड उडून जातो. कारखानदारीच्या काळापासून समुद्राच्या पृष्ठजलाचा पीएच ८.२ वरून ८.१ पर्यंत उतरला आहे. हा फरक दिसावयास एक दशांशाचा, पण आम्लता त्यानें सुमारें पाव हिश्शानें वाढते. माझेंही घर सिमेंटचेंच आहे, तेव्हां मोठ्या आवाजांत बोलण्याचा अधिकार मला नाहीं. तथापि बिल्हणाच्या एका पोथीसाठीं ब्यूलर वाळवंट तुडवीत गेले, आणि ही पोथी फुटून खडी व्हावी, हें मनास लागलें.

आमच्या सौभाग्यवतींनीं शिंपल्याची नक्षी असलेला एक खडा देवघरासाठीं उचलला होता. पुतण्या अदबीनेंच म्हणाला, "काकू, येथला खडा हलवूं नये." त्यांनीं तो पदरानें पुसला, आणि होता त्याच जागीं परत ठेवला.

घरीं आल्यावर नातवंडांस बोलावून निवळीचा प्रयोग मांडला. ह्या वेळीं पुरता. आळीपाळीनें फुंकून मुलांचे गाल दुखूं लागले. पाणी दुधाळ झालें, मग हळूहळू निवळलें. धाकटीनें पेला उजेडाकडे धरून विचारलें, "आजोबा, चुना कोठें गेला?"