निसटलेला मृग

दिल्लीपासून ईशान्येस सुमारे शंभर किलोमीटरवर, मेरठ जिल्ह्यात, हस्तिनापूरचे टेकाड आहे. आज हा सारा परिसर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. १९५० ते १९५२ या काळात बी. बी. लाल यांनी येथे उत्खनन केले. टेकाडापलीकडे गंगेची खादर पसरलेली आहे. तिच्या दलदलीत आणि उंच गवतात बारशिंगा अजून टिकून आहे. १९८६ मध्ये हा प्रदेश अभयारण्य झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मृगयेला बांध घातला होता; १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद केली. हरणावर बाण रोखणे हा येथे आता गुन्हा आहे. तरीही बाण केव्हा आणि कोणत्या अंगाने सोडावा, हा प्रश्न या भूमीवर शिळा होत नाही. कारण महाभारताच्या कथनामागे एक फसलेला बाण आहे.

तो बाण परीक्षिताचा. त्याने वेधलेला मृग कधी जिवंत रानात परतत नसे, अशी त्याची ख्याती आदिपर्वात सांगितली आहे. एके दिवशी मात्र बाण लागूनही मृग पडला नाही. तो गहन वनात दिसेनासा झाला. साठीतला, थकलेला, भुकेला राजा त्याच्यामागे धावत राहिला आणि शमीक ऋषींपाशी येऊन मृगाचा ठाव विचारू लागला. ऋषींचे मौनव्रत होते. उत्तर मिळेना तेव्हा राजाने धनुष्याच्या टोकाने एक मेलेला साप उचलून त्यांच्या खांद्यावर टाकला. पुढे शृंगीचा शाप, तक्षकाचा दंश, जनमेजयाचे सर्पसत्र; आणि त्या सत्रात वैशंपायनाच्या मुखातून भारतकथा. मृग जागीच पडता, तर ही साखळी सुरूच झाली नसती.

बाण लागला, तरी मृग का पडला नाही? बाणाचा स्वभाव यास कारण आहे. बंदुकीची गोळी आघाताने पाडते. बाण कापतो, आणि रक्तस्रावाने प्राणी मरतो. म्हणून तो हृदयाला किंवा दोन्ही फुप्फुसांना भेदून गेला, तरच मृत्यू त्वरेने येतो. ही मर्मे पुढच्या पायाच्या लगत, बरगड्यांच्या पिंजऱ्यात असतात. हरीण कूस दाखवून आडवे उभे असेल, किंवा धनुर्धराकडे किंचित पाठ करून तिरके उभे असेल, तर बाणाला वाट मोकळी मिळते. तिरक्या हरणाच्या बाबतीत नेम थोडा मागे धरावा लागतो, म्हणजे बाण पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने जातो. हरीण समोरून येत असेल, तर छातीचे हाड आणि खांदा आड येतात. ते पाठमोरे असेल, तर बाण मांडीत किंवा पोटात रुततो. पोटात बाण घेतलेले हरीण तासन् तास जगते, आणि लगेच पाठलाग झाल्यास आणखी दूर जाते. अमेरिकेसारख्या ज्या देशांत धनुष्याने शिकार करणे विधिसंमत आहे, तेथे नवशिक्याला हेच शिकवतात: कोन अनुकूल नसेल, तर प्रत्यंचा सैल करावी, बाण सोडलाच, तर लगेच मागे धावू नये. परीक्षिताचा बाण कोणत्या अंगात रुतला, याचा विचार कथा करीत नाही. पण जखमी मृगामागे त्वरेने धावण्याची चूक मात्र ती स्पष्ट नोंदवते.

परीक्षिताचा पणजोबा पांडू याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूवर उभा आहे. त्याने रतिमग्न मृगयुगुलावर पाच बाण सोडले. मृगरूपातला किंदम ऋषी मरताना जे म्हणतो, ते ध्यानात घेण्याजोगे आहे. राजाने मृग मारले याला त्याचा आक्षेप नाही. राजाने तो क्षण सरू दिला नाही, याला आहे. पांडूचा प्रतिवाद असा, की मृग सावध असो वा बेसावध, राजे त्यास मारतातच. वधाचा अधिकार मान्य करूनही वधाची वेळ आणि रीत यांवर वाद होऊ शकतो, हे येथे महाकाव्याने मांडले आहे.

कालिदासाने हा वाद अधिक सूक्ष्म केला. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची थोरवी गातो आणि चल लक्ष्यावर बाण साधणे हा धनुर्धराचा उत्कर्ष मानतो. पहिल्या अंकात दुष्यंतापुढे असे चल लक्ष्य आहेच. मान वळवून मागे पाहत पळणारा तो मृग संस्कृत काव्यातील एक अविस्मरणीय चित्र आहे. परंतु धनुर्विद्येच्या दृष्टीने पाहिले, तर पळत्या, पाठमोऱ्या हरणावर सोडलेला बाण जखम करण्याची शक्यताच अधिक. कवीला जी मुद्रा सर्वांत सुंदर दिसली, तीच बाणासाठी सर्वांत अयोग्य आहे. तपस्वी आडवे येतात आणि हस्तिनापूरचा राजा बाण आवरतो. ‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गात दशरथ नेम धरतो, हरिणी आपल्या सहचरापुढे येऊन उभी राहते, आणि तो करुणेने बाण मागे घेतो. त्याच सर्गात पुढे पाण्यात घडा भरल्याचा आवाज हत्तीचा समजून तो बाण सोडतो आणि मुनिकुमार मरतो. डोळ्यांनी पाहिले तेव्हा हात थांबला. केवळ कानांवर विसंबला तेव्हा थांबला नाही.

खांडववन तर आजच्या दिल्लीच्याच परिसरात मानले जाते. तेथे आगीतून पळणाऱ्या जीवांवर कृष्णार्जुनांनी चहूकडून शस्त्रे चालविली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधील ‘मयसभा’ या लेखात या दाहाच्या क्रौर्याकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधले. पळणाऱ्याला जेथे दिशाच उरत नाही, तेथे कोन निवडण्याचा प्रश्नही संपतो. मृगया संपते आणि संहार उरतो.

परंपरेने धनुर्धराची कीर्ती लागलेल्या बाणांनी मोजली. दुष्यंताच्या आणि दशरथाच्या कथेत मात्र न सोडलेला बाणही वाचकाच्या मनात राहतो. तो सोडणे शक्य असते, पाहणारे स्तुतीही करणार असतात. केवळ समोरच्या जिवाला रेंगाळत मरावे लागू नये, म्हणून हात थांबतो. तो संयम कोणत्याही सभेत मोजला जात नाही.

परीक्षिताच्या कथेत एक गोष्ट राहून गेली आहे. वेधलेला मृग नाहीसा झाला, हे राजाच्या मरणाचे पूर्वचिन्ह, असे आदिपर्व म्हणते. राजाचे पुढे काय झाले, हे सविस्तर सांगितले आहे. सर्पांचे काय झाले, तेही सांगितले आहे. अंगात बाण घेऊन रानात शिरलेल्या त्या मृगाचे काय झाले, हे शमीकांना विचारले गेले होते. त्यांचे मौन तेथेच राहिले.