पळसदरीचा लंबपाद पाहुणा

कर्जत स्टेशन सोडून गाडी खोपोलीच्या बाजूस निघाली, कीं पहिलें स्टेशन लागतें तें पळसदरीचें. मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या पुष्कळ वाचकांनीं हें नांव पाटीवर धांवतें पाहिलें असेल. येथें उतरण्याचा प्रसंग मात्र थोड्यांवरच आला असेल. तरी या ठिकाणास आपला म्हणून एक इतिहास आहे. १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ सालीं पलीकडे खंडाळ्याहून पुण्यापर्यंत धांवूं लागली. परंतु मधला बोरघाट चढून जाणें इंजिनास १८६३ पर्यंत साधलें नाहीं. तोंपर्यंत उतारूंना घाट पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं ओलांडावा लागे. पुढें घाटांतील रूळ तयार झाले तेव्हां मुख्य मार्ग पळसदरीहूनच वर वळला, आणि खोपोलीचा मूळ मार्ग फांटा होऊन राहिला.

गेल्या श्रावणांत आम्ही एका स्नेह्यांच्या आग्रहावरून दोन दिवस तेथें राहावयास गेलों होतों. तलाव कांठोकांठ भरला होता, सोनगिरीचा माथा ढगांत बुडाला होता, आणि स्वामी समर्थांच्या मठाकडे जाणारी मंडळी छत्र्या सांवरीत चिखल तुडवीत होती. स्नेह्यांचें घर ओढ्यापासून थोड्याच अंतरावर आहे. परसांत केळी, अळू व एक जुना आंबा. त्याच्या बुडाशीं वर्षानुवर्षें कुजत पडलेल्या पानांचा ओला थर. हा ओलावा घरांत रोग आणतो असें ठरवून स्नेह्यांनीं दसऱ्यानंतर तें सगळें परस सिमेंटनें बांधून काढण्याचा बेत केला होता. गवंड्याशीं बोलणेंही झालें होतें.

पहिल्या रात्रीं जेवणें आटोपून आम्ही ओसरीवर बसलों असतां आंतून आजीबाईंचा आवाज आला, "अग बाई, केवढा हा डास!" जाऊन पाहतों तों दिव्याजवळच्या भिंतीवर बोटाच्या दोन पेरांएवढ्या शरीराचा एक किडा पंख पसरून बसलेला, आणि त्याचे पाय तर एवढे लांब, कीं पाहणारास प्रथम पायच दिसावे, किडा मागाहून. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच त्यांच्या दहा वर्षांच्या नातवानें वर्तमानपत्राची गुंडाळी करून तडाखा दिला. किडा कोठें गेला तें कळलें नाहीं. भिंतीवर एक पाय तेवढा चिकटून राहिला.

मुलास रागें भरण्याचें आमच्या मनांत आलें नाहीं. मागील वर्षीं त्याच्या आईस हिवतापानें तीन आठवडे अंथरुणास खिळविलें होतें. डासाच्या पोटांत हिवतापाचे जंतु वाढतात हें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस सिद्ध केलें, आणि तेव्हांपासून डासाचें भय बाळगणें हें शहाणपणच ठरलें आहे. प्रश्न एवढाच होता, कीं मारला तो डास होता काय?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं खिडकीखालच्या अळूच्या पानावर तोच पाहुणा बसलेला आढळला. तोच हें कशावरून? त्यास पायच पांच होते. आम्हीं त्याच्यावर कांचेचा पेला पालथा घातला, खालून जाड कागद सरकविला, आणि भिंग घेऊन ओसरीवर बसलों. रात्रीचा वीर संकोचानें जवळ आला. "काका, चावेल ना?" त्यानें विचारलें. "तूंच त्याचें तोंड पाहा आणि सांग," आम्हीं म्हटलें.

डासाच्या मुखापुढें सुईसारखी लांब सोंड असते. येथें तसें कांहीं नव्हतें. डोकें पुढें थोडें निमुळतें होऊन नाकासारखें झालें होतें, आणि त्याखालीं दोन बारीक मुखस्पर्शक लोंबत होते. त्यांचें शेवटचें पेर चाबकाच्या दोरीप्रमाणें लांब होतें. रक्त शोषण्याचें साधनच या प्राण्यास नाहीं. यांतील बहुतेक जाती प्रौढ झाल्यावर फारसें खातही नाहींत. थोडेंबहुत पाणी किंवा फुलांतील रस घेऊन आपलें अल्प आयुष्य संपवितात. दुसरी खूण पंखांची. डासाच्या पंखांतील शिरांवर बारीक खवले असतात. येथें शिरा स्वच्छ, आणि मागच्या कडेजवळच्या दोन शिरा थेट पंखाच्या कांठापर्यंत गेलेल्या. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची: पाठीवर, वक्षाच्या मधोमध, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची एक खांच. ही खांच, लांब पाय आणि डोक्यावर साध्या नेत्रकांचा अभाव हीं तीन लक्षणें एकत्र दिसलीं, म्हणजे प्राणी टिप्युलिडी कुलांतील समजावा. इंग्रजींत यास क्रेन फ्लाय म्हणतात. क्रेन म्हणजे क्रौंच पक्षी. तेव्हां आपण यास क्रौंचमाशी म्हणण्यास हरकत नसावी.

ही खरोखर माशीच आहे, कारण तिला पंखांची एकच जोडी असते. मागची जोडी आखडून तिच्या दोन मुठीदार काड्या झालेल्या असतात. त्यांस संतोलक म्हणतात. घरमाशींत त्या झांकलेल्या असतात, पण क्रौंचमाशींत नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. विल्यम डेरहॅम या इंग्रज पाद्र्यानें १७१४ सालींच लिहून ठेविलें आहे, कीं या काड्या काढल्या तर माशीचा तोल जातो. पाय गळण्याचेंही कारण आहे. मांडीच्या मुळाशीं एक ठराविक सांधा असतो. पक्ष्यानें किंवा कोळ्यानें पाय धरला तर तो तेथेंच तुटतो, आणि माशी प्राण घेऊन निसटते. गेलेला पाय पुन्हां उगवत नाहीं. मुलानें हें ऐकलें आणि पेल्यांतील पांच पाय पुन्हां एकदां मोजले.

उदराचें टोंक मात्र भाल्यासारखें अणकुचीदार होतें, आणि त्यानें आजीबाई बिचकल्या. ती नांगी नव्हे. ओल्या मातींत अंडीं घालण्याचें तें साधन आहे. त्यावरून आमचा पाहुणा ही पाहुणी असल्याचें ठरलें. नराचें टोंक जाड व फुगीर असतें.

येथें आमची विद्या खुंटली. शृंगिकांचीं तेरा पेरें मोजून आणि पंखांवरील करडे ठिपके पाहून ती टिप्युला गणांतील, किंवा त्याच्या अगदी निकटची, असें आम्हीं म्हणूं शकलों. तिची जात कोणती? तें नराच्या उदराग्राचे अवयव सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून बहुधा सांगतां येत नाहीं. जगांत या माशांच्या पंधरा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. हिंदुस्थानांतील जातींचें वर्णन कलकत्त्यास राहिलेल्या एन्रिको ब्रुनेत्ती यांनीं १९१२ सालीं ग्रंथरूपानें केलें. ते पेशानें संगीतज्ञ होते. अमेरिकेंतील चार्ल्स अलेक्झांडर (१८८९–१९८१) यांनीं तर आयुष्यभरांत सुमारें अकरा हजार जातींचें वर्णन केलें, म्हणजे सरासरीनें दर दोन-तीन दिवसांस एक. त्यांच्या पत्नी मेबेल या कामांत त्यांच्या जन्मभराच्या सहकारी होत्या.

मग आम्ही परसांत गेलों. आंब्याखालचीं पानें उकरतांच बोटाच्या पेराएवढी एक करडी, बिनपायांची अळी निघाली. हात लागतांच तिनें डोकें आंत ओढून घेतलें. मागच्या टोंकास मांसल पाकळ्यांच्या मधोमध श्वासाचीं दोन काळीं छिद्रें दिसत होतीं. हें क्रौंचमाशीचें बालरूप. बहुतेक जातींच्या अळ्या कुजलेलीं पानें खाऊन त्यांची माती करतात आणि पक्ष्यांचें भक्ष्य होतात. सर्वच निरुपद्रवी असतात असें नाहीं. इंग्लंडांत कांहीं जाती गवताचीं मुळें कुरतडतात, आणि १९३५ सालीं लॉर्ड्सच्या प्रसिद्ध क्रिकेट-मैदानाची त्यांनीं दुर्दशा केली होती.

"मग आमचे डास येतात कोठून?" स्नेह्यांनीं विचारलें. त्याचें उत्तर त्यांच्या नातवानेंच शोधलें. न्हाणीघरामागें एक उघडें पिंप आणि एक फुटकी बादली पावसाच्या पाण्यानें भरून राहिली होती, आणि दोहोंत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डासाच्या अळीस सांचलेलें पाणी लागतें. ओल्या पानांच्या थरांत ती जगत नाहीं. सगळें परस सिमेंटनें बांधून काढलें असतें, तरी तें पिंप तसेंच राहिलें असतें, आणि घरांतील ताप गेला नसता.

पिंप व बादली तेव्हांच उपडीं झालीं. जात ओळखण्याकरितां नर पकडून मारावा कीं काय, हा विचार आमच्या मनांत येऊन गेला. शास्त्रास नमुने लागतात आणि त्यावांचून ब्रुनेत्ती-अलेक्झांडर यांचें कार्य झालें नसतें, हें आम्ही जाणतों. परंतु पेला उचलण्याचें काम मुलानें मागून घेतलें होतें, आणि त्याच्या देखत तसें करण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं. त्यानें पेला उचलला. पाहुणी हेलकावे घेत ओढ्याकडे गेली.

मागील आठवड्यांत स्नेह्यांचें पत्र आलें. पिंपास झांकण बसलें आहे. न्हाणीघरापासून विहिरीपर्यंतची वाट तेवढी फरसबंद केली असून आंब्याखालचीं पानें जागच्या जागीं आहेत. पत्राच्या शेवटीं मुलाच्या अक्षरांत दोन ओळी होत्या: भिंतीवर जाड टोंकाची क्रौंचमाशी बसली होती, तिचे सहाही पाय शाबूत आहेत.