उलटी अक्षरं

माझे बाबा साइनबोर्ड पेंटर. दुकानाच्या काचेच्या दारावर नाव टाकायचं असलं की ते आत बसून, आतल्या बाजूने, उलटी अक्षरं लिहायचे. रस्त्यावरून ती सुलटी दिसतात आणि पावसाने रंग जात नाही.

सातवीत असताना ते आमच्या शाळेजवळच्या एका सलूनचं दार रंगवत होते. मित्राने विचारलं, "ओळखतोस का रे त्यांना?" मी म्हणालो, "नाही." बाबा काचेपलीकडे, आमच्याकडेच तोंड करून बसलेले. ब्रश थांबला नाही.

गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी रोमानियातल्या सिबिऊ शहरात होतो. एका रविवारी जवळच्या सिबिएल गावी गेलो. तिथल्या चर्चच्या आवारात काचेवरच्या धार्मिक चित्रांचं संग्रहालय आहे. साम्यवादी राजवटीत अनेक वर्षं तुरुंगात काढलेल्या झोसिम ओआन्चा या धर्मगुरूंनी ते उभं केलं. गावकऱ्यांनी घरातली जुनी चित्रं आणून दिली.

या चित्रांची गोष्ट निकुला गावापासून सुरू होते. १६९९ साली तिथल्या चर्चमधल्या मेरीच्या लाकडी चित्रातून अश्रू आले, अशी वार्ता पसरली. यात्रेकरू लोटले. प्रत्येकाला घरी न्यायला मेरी हवी होती. पुढे काचेवर उलट बाजूने रंगवायची कला मध्य युरोपातून तिथे पोचली आणि शेतकरी कुटुंबंच चित्रकार झाली.

पद्धत बाबांचीच. नमुन्याचा कागद काचेखाली ठेवायचा. आधी काळ्या रेघा, डोळे, वस्त्राच्या चुण्या. मग मोठे रंग, आणि पार्श्वभूमी सगळ्यांत शेवटी. कागदावर चुकलेलं वरून रंग देऊन झाकता येतं. काचेवर मागून कितीही रंग चढवा, पहिली रेघ कायम सगळ्यांच्या पुढेच राहते.

एका मेरीचा डावा डोळा जरा खाली उतरला होता. काच उलटी करून बघताना रंगवणाऱ्याच्या ते लक्षात आलंच असणार. तरी ते चित्र कुणीतरी घरी नेलं, भिंतीवर लावलं, त्याच्यासमोर हात जोडले. मी तिथून बराच वेळ हललो नाही.

बाबांना फोटो पाठवला. हल्ली त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे ते टाइप करत नाहीत. व्हॉइस नोट आली: "आधी रेघ मारलीय, मग भरलंय. हात चांगलाय. डोळा चुकलाय, पण चेहरा मायाळू आहे."

रात्री फोन लावला. इकडचं तिकडचं बोललो. मग एकदाचं म्हणालो, "बाबा, सातवीत, त्या सलूनपाशी..."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही.

"दार उघडंच होतं रे," बाबा म्हणाले. "जेवलास का?"