परसातील हादगा

उतारवयात झाड लावू लागलेल्या मनुष्यास घरची मंडळी हटकून विचारतात, "याची फळे खाणार कोण?" आंबा-फणस लावणाऱ्याने "नातवंडे" असे उत्तर द्यावे, हे उचितच होय. परंतु लावणाऱ्याच्याही ताटात वर्ष-दीड वर्षात भाजी वाढणारा एक वृक्ष आहे, तो हादगा.

संस्कृतात यास अगस्त्य, मुनिद्रुम, वक्रपुष्प अशी नावे आहेत. अगस्त्याचा तारा उगवल्यावर शरदारंभी हा फुलतो, अशी जुनी समजूत. आश्विनात मुली पाटावर हत्ती रेखून ज्याभोवती फेर धरतात, त्या खेळासही काही भागांत हादगाच म्हणतात. तथापि, "हादगा म्हणजे हत्तीच ना?" असे माझ्या नातीने विचारले, तेव्हा नाव राहून झाड मात्र परसातून गेले, हे मनास लागले.

लागवड अगदी सोपी आहे. बी रात्रभर भिजवून ज्येष्ठातील पहिल्या पावसावर जागच्या जागी टोचावे. रोप शेळ्यांपासून जपावे. झाड झपाट्याने वाढून २५-३० फूट उंच होते. दंव आणि सोसाट्याचा वारा त्यास सोसत नाही, म्हणून भिंतीचा आडोसा पाहावा. शेंडा खुडल्यास फांद्या फुटतात. बुंध्याशी तोडल्यास झाड बहुधा दगावते.

फुले चंद्रकोरीसारखी बाकदार, पांढरी किंवा तांबडी. आतील कडवट केसर काढून, डाळीचे पीठ पेरून त्यांची उत्तम भाजी होते, भजीही करतात. हातभर लांबीच्या शेंगा कोवळ्या असताना खाव्या. पाला गुरे आवडीने खातात. पानमळ्यांत नागवेलीस आधार व विरळ सावली मिळावी म्हणून हादगा मुद्दाम लावतात. शिवाय शेंगवर्गातील असल्याने त्याच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जंतू हवेतील नत्र धरून ठेवतात. त्यामुळे जमिनीचा कस वाढतो.

याचे लाकूड मऊ असते व आयुष्यही थोडे. म्हणून कित्येक लोक यास हलके लेखतात. मला ते पटत नाही. जो थोड्या दिवसांत घरास अन्न, गुरांस चारा व वेलीस आधार देऊन जातो आणि मागे जमीन अधिक सकस ठेवतो, त्याच्या आयुष्याचे माप वर्षांनी का करावे? येत्या ज्येष्ठात वाचकांनी दोन बिया अवश्य टोचाव्या, आणि त्या मुलींच्या हातून टोचवून घ्याव्या. आश्विनात फेर धरताना त्यांस हादगा निदान ओळखीचा तरी असेल.