खरखरीची दिशा

बाबा मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. किनाऱ्यावरच्या बीकनची दिशा शोधायची तर लूप एरियल फिरवायचं. आवाज सर्वांत मोठा येईल तिकडे बीकन, असं मला लहानपणी वाटायचं. बाबा म्हणायचे, "उलटं असतं गं. आवाज बुडतो, ती जागा धरायची." मोठ्या आवाजापाशी एरियल थोडं हललं तरी फरक जाणवत नाही, आवाज बुडण्याची जागा मात्र नेमकी सापडते. तरी हाती लागते ती फक्त एक रेघ. दुसऱ्या बीकनची रेघ तिला छेदते, तेव्हा नकाशावर जहाज सापडतं.

विजा चमकल्या की रेडिओत खरखर येते. ऑपरेटरला ती नकोशीच. पण ऑल्डरशॉटला, ब्रिटिश हवामान खात्यातल्या रॉबर्ट वॉटसन-वॉट या तरुणाने तिचाच माग काढला. ती कुठून येते हे कळलं, तर वैमानिकांना वादळाची सूचना देता येणार होती. पण वीज क्षणात संपते; तेवढ्यात हाताने एरियल कसं फिरवणार? पुढे त्याने काटकोनात दोन स्थिर एरियल उभारले आणि त्यांना कॅथोड-रे नळी जोडली. पडद्यावर उमटेल ती रेघ म्हणजे दिशा. दुसऱ्या महायुद्धात याच तत्त्वावरची यंत्रं ब्रिटिश जहाजांवर बसली, जर्मन पाणबुड्यांचे झटपट उरकलेले संदेश पकडायला.

पक्षाघातानंतर बाबांचे शब्द जागेवर राहिले नाहीत. चमच्याला ते "नांगर" म्हणतात, मला "कॅप्टन". मला भाषांतराची खोड. त्यांचं प्रत्येक वाक्य मी दुरुस्त करून त्यांच्याच तोंडी घालते. गेल्या आठवड्यात ते "दीपस्तंभ, दीपस्तंभ" म्हणत राहिले. मी ट्यूबलाइट लावली, हातात टॉर्च दिला. त्यांनी मान फिरवली. शेवटी दमून गप्प बसले, आणि ते कुठे बघताहेत याकडे पहिल्यांदाच लक्ष गेलं. आईच्या फोटोखालचा झिरोचा बल्ब गेला होता.

सध्या हातात असलेल्या कन्नड कादंबरीत एक म्हातारी अडखळत, तुटक बोलते. तिची वाक्यं मी सफाईदार करून टाकली होती. त्या रात्री ती पुन्हा तुटक केली.

बल्ब बदलला तेव्हा बाबा म्हणाले, "कॅप्टन."

मी दुरुस्त केलं नाही.